तेरावी पायरी

हॅलिफॅक्सच्या चढावर आमचं घर, ओळीतलं चौथं,
गिरण्या गेल्या तरी त्यांचा धूर अंगावर बाळगणारं.
निवृत्त झालो आणि त्याचीच प्रतिकृती करायला घेतली,
फुटाला एक इंच,
मागच्या खोलीत, जुनी चादर अंथरून.
जन्मभर कौन्सिलात रस्त्यांचे नकाशे काढले,
म्हटलं, बाहुलीचं घर ते काय.

पहिलीच भिंत एका बाजूने रंगवून ठेवली.
सकाळी बघतो तर पापडासारखी वळलेली.
शेजारचा ऍक्रॉइड, हयात सुतारकीत घालवलेला,
चहाचा मग घेऊन आला,
बघितलं, आणि हसला नाही. हे त्याचे उपकार.
म्हणाला, उलट्या बाजूलाही लाव रंग, तेवढाच,
वर विटा ठेव आणि चार दिवस विसरून जा.
लाकूड एकतर्फी काही सहन करत नाही.

मग वरातीमागून घोडं:
फुलाफुलांचा कागद चिकटवून झाल्यावर
आठवले दिवे.
तार कुठून न्यायची? नेली पलंगामागून.
खऱ्या घरातही पलंगामागे काहीबाही असतंच.
कागदाला फोड आले ते सुईने टोचले,
माझ्याच इन्सुलिनच्या सिरिंजने थेंब थेंब गोंद भरला
आणि चमच्याच्या पाठीने दाबत बसलो
ताप उतरण्याची वाट बघावी तसा.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ
खिडक्यांच्या काचांवर बसली, पांढरी,
पुसली तरी जाईना.
काचा बदल, ऍक्रॉइड म्हणाला.
मी बाहेर बघितलं. दरी दिसत नव्हती, समोरचा दिवासुद्धा नाही.
म्हटलं, राहू दे, हॅलिफॅक्सच आहे.
चहाची किटली मागवली ती एवढी मोठी आली
की बाहुलीने तीत आंघोळ करावी.
तीही राहू दिली.

एका रविवारी मृणाल आली, चष्मा कपाळावरून खाली घेत.
बराच वेळ बघत राहिली.
‘पायऱ्या बारा आहेत.’
हो, म्हटलं.
‘आपल्या तेरा आहेत.’
मी वाद घातला. नकाशे काढणारा माणूस मी.
मग टेप घेऊन जिन्याशी गेलो,
टेपची गरजच नव्हती, बोट पुरलं असतं.
तेरा.
तेहतीस वर्षं चढतोय, मला ठाऊक नाही.
‘गुडघा गेल्यापासून मोजते,’ ती म्हणाली,
‘सातवीवर थांबते जरा.
तू खाली बातम्या बघत असतोस.’

पांढरा गोंद व्हिनेगरला नमतो.
कोमट करायचं, चिंध्या भिजवायच्या,
सांध्या-सांध्यावर ठेवायच्या आणि ओढायचं नाही,
ओढलं की लाकडाचं साल निघतं.
घरभर चिप्सच्या दुकानाचा वास.
त्या रात्री बातम्यांचा आवाज बंद करून बसलो.
एक, दोन, तिचा हात कठड्यावर सरकत,
पाच, सहा, सात.
नंतर काही नाही.
पडद्यावर कुणीतरी तोंड हलवत होतं.
आठ.

जागा तेवढीच, जिना मात्र वाढवायचा,
तर प्रत्येक पायरीला थोडं बारीक व्हावं लागलं.
दोन वेळा बिघडलं. तिसऱ्यांदा बसलं,
तेही वरची फळी जराशी तिरकी.
पुढचं दार अजून घासतं, त्याचं बघू.

सातव्या पायरीशी कठड्याचा रंग
मी बारीक कागदाने घासून काढला,
हाताने झिजावा तसा, अगदी थोडा.
मृणालने तेरा मोजल्या, मान हलवली,
आणि नेमकं तिथेच बोट ठेवून म्हणाली,
‘इथे रंग लावायचा राहिलाय तुझा.’
म्हटलं, हो.
राहिलाय.