हात कुठे आहेत ते लिहा

कोठुळे मॅडमनी प्रोजेक्टर आणला त्या दिवशी
स्पीकर स्टाफरूममध्येच जळाला.
त्यामुळे फळ्याशेजारी, पोपडे धरलेल्या भिंतीवर
एक परदेशी बाई आवाजाशिवाय भांडत राहिली.
नववी ब. जेल रोड. तिसरा तास.
अंधार व्हावा म्हणून खिडक्यांवर आम्ही नकाशे टांगलेले,
तरी आफ्रिकेच्या फाटक्या काठातून
थोडं ऊन आत यायचंच.

बाईनं दार आपटलं
आणि नेमकी तेव्हाच
देवळालीकडे सरावाची तोफ उडाली. धड्‌.
काचा थरथरल्या. अख्खा वर्ग दचकला.
इरफान तांबट म्हणाला, मॅडम, स्पीकर चालू झाला.
हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या,
मग म्हणाल्या, याला एडिटिंग म्हणतात.
दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि आपण बाजूला व्हायचं.

तोवर आमचं इंग्रजी म्हणजे
गाळलेल्या जागा, गाइड,
मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज.
ताप कधीच नसायचा, तापाचं स्पेलिंग मात्र पक्कं.
कवितेच्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं मराठी अर्थ,
परीक्षेच्या आदल्या रात्री खोडायचा.

सॅड लिहायचं नाही, मॅडम म्हणाल्या.
हॅपीसुद्धा नाही.
व्हेरी दिसलं तर वही खिडकीबाहेर.
माणसाचे हात कुठे आहेत ते लिहा.
दहा ओळी. सोमवारी.

घरी जाऊन मी हात शोधले.
आईचे परातीत होते, कोपरापर्यंत. ते मला सोपं वाटलं.
दादाचे मोबाइलवर.
बाबा प्रेसमधून यायचे होते.
दिवसभर नोटा छापणारा माणूस महिनाअखेरीला उसने मागतो
असं काहीतरी जुळवून ठेवलं होतं मी,
पण वर्गातल्या निम्म्यांचे बाबा प्रेसमध्येच.
चौघांनी तरी तेच लिहिलं असतं.

सव्वासहाला बाबा दारात आले.
चपला काढल्या.
आणि उंबऱ्याच्या अलीकडे, क्षणभर,
त्यांचे दोन्ही हात अंगापासून सुटून
जरासे वर उचलले गेले,
एकात डब्याची पिशवी तशीच लोंबती.
डोळे समोर, कुठेच नाही.
मग हात खाली आले. बाबा आत आले.
पिशवी खिळ्याला.

सव्वीस वर्षं गेटवर झडती.
अंगाला कोणी सांगितलंच नव्हतं की हे घर आहे.

झडतीला शब्द सापडेना.
डिक्शनरीत जो मिळाला त्याचा अर्थ शोधही होत होता.
तोच ठेवला.
वाक्य असं झालं, की रोज संध्याकाळी
कोणीतरी माझ्या वडिलांना शोधतं
आणि काही न मिळाल्यावर सोडून देतं.

मॅडमनी समासात लाल पेनानं
एकच शब्द लिहिला, तोही मराठीत:
बघितलंस.
दहापैकी नऊ. शाळेच्या वार्षिकात छापून आलं,
माझ्या नावात एक काना जास्त.

बाबांनी अंक चष्म्याजवळ धरला.
कशावर आहे गं?
झाडावर, मी म्हणाले. फांद्यांवर.
त्यांचं बोट ओळींवरून हळूहळू सरकलं,
चौथ्या ओळीत अडलं.
हा शब्द येतो मला, म्हणाले. हँड्स.
गेटवरच्या पाटीवर आहे.
अंक मिटून त्यांनी टीव्हीवर ठेवला,
वर रिमोट, उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून बाबा
पिशवी काखेत दाबून,
दोन्ही हात पँटच्या खिशात घालून घरात यायला लागले.
चपला पायांनीच सरकवायचे,
एक सुटायची, दुसरी अडकायची,
तोल जायचा, तरी हात बाहेर नाही.

त्यावर मी दहा ओळी लिहिल्या नाहीत.
मॅडमनी विचारलं होतं, आणि मग?