…रणगाव, पूर्व खानदेश

मी निनाजी झोपे. आडनावावर आधी हसून घ्या,
बत्तीस वर्षं रात्रपाळी केली भुसावळच्या टपालघरात,
फलाटाला लागून, सॉर्टिंगच्या खणांसमोर, उभ्यानं.

विमान तोवर पाहिलं नव्हतं.
पाहिली होती ती निळी चिठ्ठी, पाकिटाच्या कोपऱ्यात,
आणि कागद, कांद्याच्या आतल्या सालीसारखा,
दिव्यासमोर धरला की माझीच बोटं दिसत पलीकडून.
एवढंसं वजन, आणि त्याला केवढे आणे!

लंडनहून निघायचं ते, क्रॉयडनच्या गवतावरून.
चार इंजिनं, पंख दोन मजली,
साहेबाला वेताची खुर्ची आणि गरम सूप.
चाल ताशी शंभर मैल, वारा राजी असला तर;
नसला तर खालची गाडी पुढे निघून जाई,
असं गार्ड फर्दुनजी सांगायचा
आणि झेंडी गुंडाळत हसायचा.

मला मौज वाटे ती निराळीच.
इटलीवाल्यांशी बिनसलं म्हणून
विमानाचं टपाल पॅरिसपासून आगगाडीत.
कराचीला उतरलं की पुन्हा कुठून कुठून आगगाडीत.
म्हणजे अर्धं आकाश आमच्याच रुळांवरून यायचं,
निळ्या चिठ्ठीवर कोळशाची काजळी घेऊन.

छत्तीस साल. जानेवारी.
केळीची पानं करपतील अशी थंडी.
एक पिशवी आली, मिठानं कडक झालेली.
म्हणे अलेक्झांड्रियाचे दिवे दिसत होते
आणि तेल संपलं.
पाण्यावर उतरणारं विमान, पाण्यातच गेलं.
माणसं गेली. पिशव्या वर आल्या.

पाकिटांवर शिक्का: समुद्राच्या पाण्याने खराब.
तिकिटं सुटलेली, राजाच्या जागी फिकट चौकोन.
एका पाकिटावर इंग्रजीत उरलं होतं ते एवढंच,
…रणगाव, पूर्व खानदेश.

आता तुम्हीच सांगा भो,
वरणगाव की धरणगाव?
एक नागपूरकडच्या गाडीला, एक सुरतेकडच्या.
एक खण उजव्या हाताला, एक डाव्या,
मध्ये मी, आणि साडेतीनची गाडी फुसफुसतेय.

डिंक विरघळला होता. मी उघडलं नाही,
ते उघडंच होतं.
आत कागदभर निळं धुकं, अक्षर एक नाही.
मागच्या बाजूला मात्र पेन्सिल.
शिसं पाण्याला भीत नाही, हे मला त्या रात्री कळलं.
विमानाचं चित्र. पंख कागदात मावले नव्हते.
खिडक्या सात, सातवीत टोपीवालं डोकं,
तिथून काढलेला बाण,
आणि बाणाच्या टोकाशी, आपल्या अक्षरात: मी.
नाव नाही. नुसतं मी.

हेडसॉर्टर म्हणाले, डेड लेटरमध्ये टाक.
मी म्हटलं, मेलेलं नाही साहेब,
बुडून वर आलंय.

वरणगाव जवळ. चुकलंच तर लवकर परत येईल,
एवढाच हिशेब. त्याला अक्कल म्हणा, आळस म्हणा.
उजवीकडे टाकलं.

परत आलं नाही.
परत न येणं म्हणजेच पोच, हे आमच्या खात्याचं शास्त्र.

चैत्रात धरणगावचा ओंकार बडगुजर भेटला, पोस्टमन,
तंबाखू मळता मळता सहज बोलून गेला:
जिनिंगमागे एक बाई आहे, दर सोमवारी दारात येते,
“मना भाऊना कागद उना का?”
चहाची बशी माझ्या हातातच राहिली.

वरणगावला ते कुणी घेतलं, मी विचारलं नाही.
विचारता आलं असतं.
आठ मैल तर आहे.

पुढे विमानं पाहिली, पुष्कळ,
सातपुड्याच्या कडेनं गुरगुरत जाणारी.
हमाल, पोरं, चहावाले फलाटभर धावायचे वर बघत.
मी जागचा हललो नाही.
खणांसमोरून मान वळवून खिडक्या तेवढ्या मोजायचो,
आणि सातवी यायच्या आत
ते तापीपार गेलेलं असे.