सदतिसावी पट्टी

आमच्या खोलीत कॅलेंडरं दोन.
एक भिंतीवरचं, सगळ्या क्लीव्हलंडचं;
दुसरं टेबलावरचं, सहा आठवडे पुढे पळणारं.
सरोवरावरून बर्फाचा वारा आत घुसे
तेव्हा आमच्याकडे ईस्टरची अंडी येऊन पडत,
आणि भर उन्हाळ्यात, पंख्याखाली,
शाळा उघडल्याचे विनोद.

माझं काम सोपं. लगद्याचे पुठ्ठे,
त्यांत दाबून उमटवलेली चित्रं, पोकळ;
बोट फिरवलं तर नाकाच्या जागी खड्डा लागे.
गावोगावचे छापखाने त्यात शिसं ओतत
आणि सकाळी तेच नाक वर येऊन
कुणाच्या तरी कॉफीशेजारी बसे.

दर शुक्रवारी एकशे बेचाळीस पाकिटं.
संसाराचा सल्ला, ब्रिजचे डाव,
एका डॉक्टरांचं पित्तावरचं सदर,
आणि मिस्टर टॉपल.
टॉपल म्हणजे छपरं शाकारणारा.
पहिल्या चौकटीत शिडी लावतो,
चौथ्या चौकटीत जमिनीवर असतो.
अकरा वर्षं. एकदाही वर पोचला नाही.

मोठ्या शहरांना आठवड्याला चाळीस डॉलर,
नेब्रास्कातल्या एका पत्राला दीड,
तेही दोन महिने थकलेलं.
पन्नास मैलांच्या आत टॉपल एकालाच द्यायचा, असा करार.
म्हणून एका गावात तो रोज पडे
आणि नदीपलीकडच्या गावाला
त्याचं नावही ठाऊक नसे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी एल्डन स्ट्राउड गेला,
लायमात, राहत्या घरी, बूट घालता घालता.
व्हिटलो साहेबांनी फोन खाली ठेवला
आणि विचारलं ते एवढंच :
"हाताशी किती आहेत?"
मी मोजून आले. छत्तीस.
"बरं. तोवर दुसरा हात शोधू.
गवगवा नको. शिडी कोण काढतो
हे वाचकाला कशाला?"

तर टॉपल चढत राहिला.
थँक्सगिव्हिंगला टर्कीसकट कोसळला,
नाताळच्या तोंडावर दिव्यांच्या माळेत गुंतला.
मी सुतळी बांधत होते,
गाठ नेहमीपेक्षा जरा घट्टच.

डिसेंबरात ओपल स्ट्राउडचा फोन.
आवाज कोरडा, इस्त्री केल्यासारखा.
"किती उरल्यात?"
"अकरा."
हव्या तर सगळ्या एका लिफाफ्यात घालते, म्हटलं,
आजच्या टपालानं.
"नको. येऊ देत जशा येतात तशा.
पोरगा पावणेसातला पेपर पायरीवर टाकतो.
तोवर मी कॉफी ठेवत नाही."

मग मी एक चूक केली.
लायमाच्या पाकिटात, फक्त लायमाच्या,
शेवटच्या पट्टीआधी एक जुनी सरकवली.
नऊ वर्षांपूर्वीची. तारीख ब्लेडनं खरवडली,
शेवटचीची एक दिवस पुढे ढकलली.
शिडी धरायला टॉपल शेजारणीला हाक मारतो, ती पट्टी.
शेजारीण चष्मा नाकावर घसरू देते
आणि त्याच्याकडे न बघताच शिडी धरते.
ओपल एकदा नवऱ्याबरोबर ऑफिसात आली होती,
या खुर्चीत बसली होती.
मी तेव्हाच ओळखलं होतं.

लायमाच्या संपादकाचं कार्ड आलं :
ही आम्ही आधी छापली आहे, हिचे पैसे देणार नाही.
व्हिटलोंनी माझ्या पगारातून पन्नास सेंट कापले.
ओपलकडून काही आलं नाही.

जानेवारीत नवा हात आला, सिनसिनाटीचा,
तरुण, नीटस, नखांना शाई नाही.
त्याचा टॉपल पहिल्याच आठवड्यात
छपरावर जाऊन उभा राहिला, हात हलवत.

एकशे एक्केचाळीस गावं काही बोलली नाहीत.
नेब्रास्कावाल्यानं तेवढा
थकबाकीसकट चेक पाठवला
आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं :
बंद करा.