रिकामी घागर

रात्री साडेनवाला गंगावेशीत म्हशी येतात.
धारोष्ण दुधाचा ग्लास हातात, वर फेसाची टोपी,
आणि आमच्यात पुन्हा तेच भांडण:
आजवरचा सगळ्यात भारी पिच्चर कुठला.

शांतिनाथ म्हणतो, विहिरीचा. विषयच नाही.
शेवटी नायक दोर सोडतो
आणि पडद्यावर नुसता रहाट फिरत राहतो.
"भावा, अजून फिरतोय तो माझ्या डोक्यात."
"मग तेल घाल त्याला," सरनोबत म्हणतो.
सरनोबतला घोडे लागतात, धूळ लागते.
तालमीतला माणूस, पिच्चरही छातीनं बघतो.
एकासाठी त्यानं अठरा वेळा तिकीट काढलं,
एकोणिसाव्यांदा डोअरकीपरशी कुस्ती धरली.
कोण चीत झालं, हे दर वेळी वेगळं सांगतो.

वैजयंता सिस्टर नाइट ड्युटीला जाता जाता
स्कूटर बंद न करताच बोलते:
"मी सांगतो तुम्हाला. सातदा बघितलाय मी तो,
ज्यात बाई शेवटी घरी परत जात नाही.
तुमच्या पिच्चरमधल्या बाया
दार उघडायलाच असतात."
यावर कुणी काही बोलत नाही.
म्हैस शेपटी हलवते.

मी दर वेळी एकच नाव सांगतो.
खरं म्हणजे गेल्या वर्षी तो परत बघितला,
मोबाईलवर, जेवताना,
आणि भात संपला तसा बंद केला.
हे कट्ट्यावर सांगायचं नसतं.
कोल्हापुरात माणूस पक्ष बदलेल,
पिच्चर बदलला तर लोक तोंड बघणार नाहीत.

बाबालाल मुजावर कडेला, ग्लास दोन्ही हातांत.
चौतीस वर्षं मशीन चालवलं त्यानं.
टॉकीज पडलं, तिथं आता पार्किंग.
आमचे सगळ्यांचे पिच्चर त्यानं आमच्याआधी बघितले,
वीतभर खिडकीतून, कार्बनच्या धुरात,
पण मत कधी दिलं नाही.
काल शांतिनाथ इरेला पेटला:
"आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही, मामा."

"अकरा सेकंद," बाबालाल म्हणाला.
"काय अकरा सेकंद?"
"तेवढाच चांगला. बाकी भंगार. आठवड्यात उतरला.
स्टुडिओला गर्दी पायजे होती,
आमच्या गल्लीतल्या बायका गेल्या,
तीन रुपये रोज आणि दुपारचा भात.
राजाची स्वारी येती, आणि मागनं एक बाई
घागर घेऊन जाती, डावीकडनं उजवीकडं.
ती आमची आई."

"एकवीस खेळ लावले. एकवीसदा गेली.
शेवटच्या खेळाला तिला वर बोलावलं,
स्टुलावर उभं करून खिडकीतनं दाखवलं.
बघितलं तिनं, आणि म्हणाली..."
गवळ्यानं धार थांबवली होती.
"म्हणाली, घागर रिकामी होती रे.
मी त्या डायरेक्टरला म्हटलं, पाणी घाला.
म्हणाला, कोण बघतंय, चाला.
आता बघ की. भरल्या घागरीची बाई
अशी चालती व्हय? खोटं दिसतंय. बंद कर."

"एखादा तुकडा कापून ठेवायचा की, मामा."
"कशाला? आईच होती की घरात."

मग सरनोबत म्हणाला,
"म्हणजे एक मत बाजूनं, एक विरोधात."
"आईचं मत धरायचं का पण?"
"धरायचं. ती पिच्चरमध्ये होती."
"मग तर अजिबात धरायचं नाही!"
झालं. वैजयंतानं स्कूटर बंद केली,
स्टँडला लावली,
आणि ड्युटीला उशीर होणार हे नक्की झालं.

बाबालालनं सुनेसाठी किटली भरून घेतली,
झाकण नसलेली, काठोकाठ,
आणि निघाला,
एक खांदा जरा खाली, पाऊल जपून,
दिव्याखालनं, डावीकडनं उजवीकडं.
आम्ही भांडायचे थांबलो.

"भरलेली हाय," सरनोबत म्हणाला.