लाल आकडे

पाइपचा गॅस आमच्या पोळमध्ये आला, तो डाव्या अंगानं.
उजवीकडे गटार, गटाराखाली जुनं गटार,
त्याच्याखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही,
असं खोदणाऱ्या दाहोदच्या पोरानं मला सांगितलं
आणि प्यायला पाणी मागितलं.
म्हणून समोर कपिलाबेनकडे मीटर
आणि माझ्याकडे बाटला.
(सिलिंडरला आम्ही बडोद्यात बाटलाच म्हणतो.
पुण्याची जाऊ हसते. हसू दे.)

बाटला आधी हलवून बघायचा. मग तिरका करायचा.
शेवटी कोमट पाण्याच्या परातीत उभा करायचा,
आजाऱ्याचे पाय शेकावेत तसा.
तरी चकलीच्या ऑर्डरी आल्या की
नेमका दुसऱ्या घाण्याला मान टाकायचा.

स्वस्त कुठे मिळतो ते शोधत फिरले.
फतेपुऱ्यात एकजण किलोवर भरून द्यायचा.
भाचीच्या विमानप्रवासासाठी घेतलेला
बॅग तोलायचा काटा मी पर्समधून काढला, तर म्हणाला,
बेन, भरोसो ना होय तो रेवा दो.
राहू दिलं.
वाडीत चाळीस रुपये कमी, रिक्षाला साठ.
मांडवीजवळ भाव तोच, माणूस तेवढा गोड.
तीन आठवडे वहीत नुसत्या वजाबाक्या.
आणि स्वस्त गॅस होता
माझ्या उंबऱ्यापासून बारा फुटांवर,
मध्ये दोरीवर कपिलाबेनचे चणिये वाळत होते
म्हणून दिसला नाही.

करार ओटल्यावर झाला. साक्षीला तिची मांजर.
दुपारी दोन ते चार शेगडी माझी.
आधी मीटर वाचायचा, मग कढई चढवायची.
काळे आकडे कंपनीचे,
टिंबानंतरचे लाल, ते आमच्या दोघींचे.
पोळमध्ये भर दुपारीही उजेड पुरत नाही;
मोबाइलची बॅटरी लावून, डोक्याला डोकं टेकवून
आम्ही ते वाचायचो
पत्रिका जुळवायला बसल्यासारख्या.

पहिल्या दिवशी सगळ्या चकल्या विरघळल्या.
तिच्या जाळाची घाई वेगळी.
ती म्हणाली, पिठी वाढव मूठभर.
मी म्हटलं, आमच्यात नाही घालत एवढी.
दुसऱ्या दिवशी घातली. तिला सांगितलं नाही.

एकदा माझे घाणे चालू असताना
तिनं बाजूला कुकर लावला.
मी वहीत लिहिलं: वजा तीन शिट्ट्या.
ती म्हणाली, शिट्टीचा कधी हिशोब असतो का?
मी म्हटलं, असतो.
चार दिवस अबोला. चकल्या मात्र तळल्या जात होत्या.
ती कडी काढून आत निघून जायची,
मी मीटर एकटीच वाचायचे
आणि कुणी बघत नसताना
एक आकडा वाढवून लिहायचे.

यंदा पौषात पाइप उजवीकडेही आला.
गटाराच्या वरून, लोखंडी घोड्यांवर चढून,
इतकं सोपं होतं ते.
कंपनीचा मिहिर नावाचा मुलगा फॉर्म घेऊन बसला.
सध्या कुठला गॅस वापरता?
मी म्हटलं, समोरचा.
त्यानं पेन थांबवलं, मग बाटल्यासमोर खूण केली.
अनामत भरली. सही केली.
ड्रिलनं भिंतीला भोक पडलं
रुपयाएवढं. विटेचा लाल भुगा ताज्या भाजणीवर.
नळी उद्या बसेल म्हणाला.

तो गेल्यावर भोकाला डोळा लावला.
बरोब्बर समोर कपिलाबेनचा ओटला,
मांजर, मीटरची काच.
लाल आकडे काही इतक्या लांबून दिसत नाहीत.
दोन वाजायला आले होते.
तिनं कडी काढल्याचा आवाज आला.