विमानाचं वडाप

उंब्रज ते चाफळ, बारा वर्षं ट्रॅक्स चालवली.
सीटा नऊ, माणसं सतरा,
अठरावा मागं शिडीला,
आणि कुणाच्या तरी पिशवीत एक कोंबडी, बिनतिकीट.
भरली की सुटणार,
एवढंच आमचं टाईमटेबल.

मग पोरं शिकली, लांब लांब लागली.
मी हप्त्यावर पांढरी अर्टिगा घेतली
आणि लोहगाव विमानतळाची भाडी मारू लागलो.

पहिल्या रात्री मागं एकच साहेब,
कानात बोंडं, मांडीवर लॅपटॉप.
आरशात बघावं तर पाच सीटा मोकळ्या.
त्यांना उतरवलं
आणि सहाच्या सहा मोकळ्या घेऊन माघारी.
जाताना बोगदा असतो, येताना खंबाटकीचा घाट.
घाट विचारत नाही आत कोण बसलंय,
तेल मागतो ते मागतोच.
वडापवाल्याला मोकळी सीट म्हणजे
ताटात टाकलेली भाकरी.

एकदा आनेवाडीच्या टोलला पाहिलं,
आमच्याच भागातल्या चार गाड्या रांगेत,
चौघांत चार पाशिंजर,
चौघांचं विमान पाच चाळीसचं.
मी काच खाली करून मोठ्यानं हसलो.
टोलवाला म्हणाला, "काय झालं दस्तगीरभाई?"
काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही आणली.
नाव, गाव, विमान किती वाजता, बॅगा किती.
मसूरच्या कुंदाताई थोरवडेंना फोन,
तारळ्याच्या इंजिनिअरला फोन.
तो म्हणाला, "मला एकट्याला गाडी पाहिजे."
म्हटलं, "विमानात दीडशे जणांत
मांडीला मांडी लावून बसणारच की,
मग उंब्रजपासनं सुरुवात केली तर काय बिघडलं?"
थोडा वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, "खिडकी द्या."

सोडायला येणाऱ्यांसाठीही नियम केला:
ज्याला रडायचं त्यानं स्टँडवरच रडून घ्यावं.
एकाला निरोप द्यायला तीन गाड्या कशाला?
लोहगावला रडायचेसुद्धा
पार्किंगचे पैसे पडतात.

आणि उतरणारी माणसं घेतल्याशिवाय
गाडी हलवायची नाही. वहीचं मागचं पान त्यांचं.

मग आमच्या आफरीनला हैदराबादला नोकरी लागली.
नर्स. मोठं हॉस्पिटल.
विमान साडेअकराचं.
त्या तारखेचं पान काढलं तर सहा नावं,
सहाच्या सहा, माझ्याच अक्षरात.
एका नावावर पेन टेकवला,
तिनं मनगट धरलं.
"अब्बा, भरलेली गाडी भरलेली. मी एसटीनं जाते.
बाईला अर्धं तिकीट आहे."

पहाटे चारला स्टँडवर सोडली.
अंधारात बस आली, दिवे डोळ्यावर.
तिची अम्मी नियमाप्रमाणं रडली.
मला जमलं नाही,
मी टायरकडं बघत राहिलो. मागचा डावा गुळगुळीत झाला होता.

पाचला मी सहाजण घेऊन निघालो,
कात्रजला अडकलो, येरवड्याला परत अडकलो.
लोहगावला पोचतो तर
ही कठड्यावर बसून डबा खातीय.
"कधी आलीस?"
"झाला की अर्धा तास.
स्वारगेटला मेट्रो, मध्ये एकदा बदलली,
रामवाडीला उतरून बस.
वरनं येत होते, अब्बा,
खाली सगळी तुमचीच लाईन दिसत होती."

दोन मिनिटं मिळाली.
शिट्टी फुंकणारा माझ्याकडंच बघत होता.
तिनं डब्यातला शेवटचा घास माझ्या तोंडात घातला
आणि चाकांची बॅग ओढत
काचेच्या दारातून आत गेली.
वळून बघितलं असेल,
माझ्यापुढं तेवढ्यात दुसरी गाडी आली.

दिल्लीच्या विमानातनं सहाजण उतरले.
वाठारचे दोघे, एक पाटणचा, बाकीचे कराडकडचे.
बॅगा वर बांधल्या, दोरी दोनदा आवळली.
घाटात गाडी जड चालली,
दुसऱ्या गिअरवर, धापा टाकत.
मागं कुणीतरी खाकऱ्याचं पुडकं फोडलं,
पुढं पाठवत पाठवत माझ्यापर्यंत आलं.

जड चालली.
बरं वाटलं.