पान अकरा, ओळ सहा

खांबेट्यांच्या कथेतला परग्रहावरचा माणूस
दरवर्षी दिवाळी अंकात पुण्यातच उतरायचा.
कधी वेताळ टेकडीवर, कधी ओंकारेश्वरामागे नदीपात्रात,
एकदा तर थेट खडकीच्या दारूगोळा कारखान्यात,
कारण खांबेटे तिथूनच निवृत्त झाले होते.

अंगावर माणसाचं कातडं, माप घेऊन शिवल्यासारखं.
केसांना भांग, खिशात पीएमटीचा पास.
आणि दरवर्षी तो पकडला जायचा.
एका साली सावली पडली नाही म्हणून,
एका साली शेजारी मिरच्यांची फोडणी पडली
आणि सगळा जिना खोकत असताना
हा एकटा शांतपणे पेपर वाचत बसला म्हणून.

मी मुद्रितं तपासायचे. नारायण पेठेत, पोटमाळ्यावर,
फॉर्माला सव्वादोन रुपये.
त्या बिचाऱ्याचं मरण दर सप्टेंबरात
सगळ्यांच्या आधी मला कळायचं.

त्या वर्षी तो दांडेकर पुलाजवळ खोली घेऊन राहिला.
नाव सांगितलं मधुसूदन. भाडं वेळेवर.
दुपारी एक ते चार जिन्यात पाय वाजवत नव्हता.
पान अकरा, ओळ सहा:
तो घरमालकिणीचं दार वाजवून म्हणतो,
"जरा पानी मिळेल का?"
ओळ सात: ती ओळखते. हा आपल्यातला नाही.

मी लाल पेनानं न खोडला.
समासात ण लिहिला.
पुढच्या परिच्छेदावर गेले.

मी स्वतः ण शिकले विसाव्या वर्षी,
कर्वे रोडच्या वसतिगृहात, गच्चीवर,
वाळत घातलेल्या चादरींच्या आड.
जिभेचं टोक मागे वळवायचं, टाळूला टेकवायचं, सोडायचं.
बाण. लोणी. कोण.
कोण, कोण, कोण,
एकदा खालून रखवालदार ओरडला,
"मी हाय, ताई, मी!"

मंगळवेढ्याहून आणलेलं तोंड
ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलं.
सहा महिन्यांत कुणी वळून बघेना.
सुट्टीत घरी गेले, म्हटलं, "आई, पाणी दे."
आईनं भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले,
आणि पाहुण्यांचा पितळी तांब्या काढला,
वर फुलपात्र पालथं घालून.
बोलली काहीच नाही.

अंक निघाला. खांबेटे पोटमाळ्याचा जिना चढून आले,
धापा टाकत, हातात चुरगळलेला अंक.
"वाघमोडे बाई, ती चूक माझी नव्हती, त्याची होती!
त्यानं पाणी म्हटल्यावर ती ओळखणार कशावरून?
कथेला पुढं काही अर्थच उरत नाही."
"मुद्दाम केलेल्या चुकीशेजारी तशी टीप द्यायची असते," मी म्हटलं.
"नियम आहे."
ते बघत राहिले. मीही, पापणी न लववता.
मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं,
"तुमचं गाव कुठलं हो?"
"पुणे," मी म्हटलं.
ण अगदी टाळूवरून.

खांबेटे गेले. अंक बंद पडला.
छापखान्याचे खिळे वजनावर विकले, शिसं म्हणून.
परवा अप्पा बळवंत चौकाशी एका रद्दीवाल्याकडे
तोच अंक दिसला, पाठ उसवलेला, दहा रुपयांना.
उभ्या उभ्या पान अकरा काढलं.
तो दार वाजवतो. अगदी नीट, शुद्ध,
पेठेत जन्मल्यासारखं पाणी मागतो.

आणि ती ओळखतेच.

कशावरून, ते कुठेच नाही.
जिन्यावर माणसं जमतात, कुणी काठी आणतं,
कुणी त्याच्या कोपराचं कातडं ओढून बघतं.
सगळं जसंच्या तसं छापलेलं.

एवढी वर्षं मला वाटत होतं, मी त्याला सोडवलं.
पर्समध्ये लाल पेन होतं, अजून असतं.
रद्दीवाला म्हणाला, "आज्जी, घ्यायचाय का नुसता वाचायचाय?"
मी दहा रुपये दिले
आणि तिथेच, त्याच्या गाड्यावर अंक टेकवून,
सातवी ओळ खोडली.